दुखणं अंगावर काढू नकोस

सातारा,
१२ जून

चि. मुक्ता हिस,


परवा तू घरी आली होतीस, तेव्हा सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवलास आणि भिंत धरलीस. पहिली आठ-दहा पावलं चवड्यावर टाकलीस, मग चाल सरळ झाली. वहिनीने विचारलं, तर "पायाला मुंग्या आल्या" म्हणून मोकळी झालीस. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मुक्ता. मुंग्या आलेला पाय आणि दुखरी टाच यांतला फरक मला कळतो. तुला सगळ्यांसमोर विचारलं असतं तर तू पुन्हा नाहीच म्हणाली असतीस, म्हणून हे लिहिते आहे.

तुझ्या टाचेत जे होतंय, ते माझ्या टाचेत बेचाळिसाव्या वर्षी झालं. मी ते दीड वर्ष अंगावर काढलं. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाली गुळगुळीत फरशी, पायांत पातळ तळाचे पांढरे बूट. टाच टेकवत नव्हती म्हणून पाय तिरका टाकायला लागले. तिरक्या पायाने गुडघा धरला, गुडघ्याने कंबर धरली. सुटी मात्र एकही घेतली नाही, आणि त्याचा मला फार अभिमान वाटायचा. आज वाटत नाही. सोसणं हा आपल्या घरातल्या बायकांचा मोठा गुण मानला गेला. रुग्णाचं दुखणं आपण नर्स चेहऱ्यावरून ओळखतो आणि स्वतःचं चेहऱ्यावर दिसू देत नाही. यात मोठेपणा नाही, नुकसान आहे. हेच सांगण्यासाठी पत्र लिहायला बसले.

आधी दुखणं समजून घे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. तासन् तास कडक फरशीवर उभं राहिलं, पोटऱ्या आखडल्या, वजन वाढलं की हा पट्टा टाचेपाशी दुखावतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो. सकाळी पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो आणि कळ येते. डॉक्टर याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. एक्स-रेत "हाड वाढलंय" असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. तसं वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही सापडतं. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही लागतं. म्हणून आजच सुरुवात कर.

आता बुटांचं. आपल्या भाषेत "पायाची वहाण पायीच बरी" अशी म्हण आहे. ती माणसांना त्यांची पायरी दाखवायला वापरतात, पण तिच्यात वहाणेबद्दलचा अनादरही आहे. लग्नाच्या साडीला आपण चार दुकानं फिरतो आणि ज्यावर आठ-आठ तास उभं राहायचं, ते बूट पाच मिनिटांत उचलतो. तू तसं करू नकोस.

दुकानात संध्याकाळी जा, ड्युटी करून थेट गेलीस तर उत्तम. दिवसभरात पाय सुजतो. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. ड्युटीचे मोजे घालून जा. दोन्ही पावलं उभ्याने मोजून घे. आपले दोन पाय सहसा सारखे नसतात, माप मोठ्या पायाचं धर. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटं आत पसरता आली पाहिजेत.

मग बूट हातात घेऊन तीन गोष्टी बघ. पहिली, मागून टाचेला धरणारा भाग बोटांनी दाबून बघ. तो चटकन चेपला तर टाच आत डगमगणार. दुसरी, बुटाचं टोक आणि टाच धरून वाकव. जिथे आपली बोटं वाकतात तिथेच तो वाकायला हवा, मधोमध दुमडला तर खाली ठेव. तिसरी, कपडा पिळतात तसा पिळून बघ. सहज पिळला गेला तर कमानीला त्याचा काही आधार नाही.

मऊपणाला भुलू नकोस. अंगठा खोल रुतेल असा मऊ तळ दुकानात गोड वाटतो, पण चार तासांनी चेपतो आणि पाऊल आत कलंडतं. मऊपण टाचेखाली आत हवं आणि त्याच्या खालचा तळ ठाम हवा. मी शिकाऊ असताना कुष्ठरोगाच्या दवाखान्यात रुग्णांना एमसीआर रबराच्या चपला द्यायचे, वर मऊ रबर आणि खाली टायरचा जाड तळ. या प्रकारच्या पादत्राणांमागे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचं मोठं काम आहे. त्या रुग्णांच्या पायांना संवेदना नव्हती. खडा टोचला तरी कळायचं नाही, त्याच पायावर ते मैलोगणती चालायचे आणि जखम हाडापर्यंत जायची. त्यांची पावलं धुताना मला पहिल्यांदा कळलं, की दुखणं माणसाला राखत असतं. तुझी टाच तुला काही सांगू शकते आहे. तिला गप्प करत बसू नकोस.

बुटाची टाच अगदी सपाट नको आणि उंचही नको. चवड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर असली की पट्ट्यावरचा ताण थोडा उतरतो. आतला इनसोल काढता येईल असाच बूट घे, म्हणजे पुढे कमानीला आधार देणारा वेगळा इनसोल बसवता येईल. आपल्या कामात बूट पुढून बंद हवा, कारण सुई पडते, रक्त सांडतं. वरचा भाग पुसता येईल असा हवा आणि तळ ओल्या फरशीवर न घसरणारा हवा. मागून उघडे क्लॉग्ज घालायला सोपे असतात, पण ते पायात ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. तुझ्या टाचेला ते सोसणार नाहीत. लेस किंवा वेलक्रोवाला बूट घे, पाऊल जागेवर राहील. दुकानात गालिचा असेल तर त्यावरून खाली उतरून उघड्या फरशीवर दहा मिनिटं चाल. "वापरून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नकोस. जो आज बोचतो, तो घ्यायचा नाही.

जमलं तर दोन जोड घे आणि आलटून पालटून घाल. जुने बूट एकदा टेबलावर ठेवून मागून बघ. टाच एका बाजूला कललेली दिसली तर ते संपले. वरून बूट धड दिसत असला तरी आतली गादी आधीच बसलेली असते. गणवेशाच्या नियमात असले बूट बसत नसतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन इन्चार्ज सिस्टरांशी नीट बोल. मी हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बूट दाराबाहेर काढले की आपली खरी चूक सुरू होते. घरभर फरशी आणि आपण अनवाणी. पलंगाशी जाड तळाच्या घरच्या चपला ठेव आणि पहिलं पाऊल त्यांतच टाक. कोल्हापुरी मलाही आवडते, पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो. टाच बरी होईपर्यंत ती सणासुदीलाच ठेव.

उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोज, असं दहा वेळा कर. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटरी ताण. संध्याकाळी गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळपायाखाली फिरव. इंजेक्शनची घाई करू नकोस. त्याचा आराम थोड्या दिवसांचा असतो, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, पट्टा तुटूही शकतो.

पण काही खुणा दिसल्या तर बुटांवर विसंबून राहू नकोस. रात्री पडल्या पडल्याही टाच ठणकली, बधिरपणा किंवा झिणझिण्या आल्या, सूज-लाली आली, ताप आला, किंवा सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहिली, तर लगेच तपासून घे. दुसऱ्या कुणाला असं होत असतं, तर तू त्याला एक दिवसही थांबू दिलं नसतंस.

बुटांचे पैसे वहिनीकडे दिले आहेत. "आत्या, कशाला?" असं म्हणू नकोस. ही ओवाळणी नाही. तुझ्या खिशातली कात्री आणि गळ्यातला स्टेथोस्कोप जसा कामाचा, तसेच हे बूट. येत्या रविवारी ड्युटी सुटल्यावर, पाय सुजलेले असतानाच जा.

तुझी,
आत्या