वणवा कोणाचा?

शास्त्राभ्यास : निर्गम, अध्याय २२, वचन ६



मोशेच्या नियमशास्त्रांत चोरी, उसनवारी, गहाण, मोकाट जनावरें अशा रोजच्या व्यवहारांचे पुष्कळ नियम आहेत. उपासनेंत ते क्वचितच वाचले जातात. आमचे उपदेशक बंधु दहा आज्ञा शिकवितात आणि तेथून थेट निवासमंडपाकडे वळतात. परंतु या मधल्या अध्यायांत शेतकऱ्याच्या ओळखीचें बरेंच कांहीं आहे. बाविसाव्या अध्यायाचें सहावें वचन उघडून पाहा. एका माणसाचा विस्तव कांटेरी झुडपांत शिरतो, आणि शेजाऱ्याच्या सुड्या, उभें पीक किंवा सगळें शेतच खाऊन टाकतो. अशा वेळीं ज्यानें विस्तव पेटविला त्यानें नुकसान भरून द्यावें, असा तो नियम आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विस्तव मुद्दाम सोडला कीं हातून निसटला, हें नियमशास्त्र विचारीत नाहीं. पेटविणारा कोण, एवढेंच विचारतें. आमच्या बोलण्यांत मात्र वणवा 'लागतो'. तो लावणारा जणूं कोणीच नसतो. आमच्याकडे वीज बहुधा पावसाबरोबर येते, म्हणून विजेनें रान पेटल्याची गोष्ट विरळा. फाल्गुन-चैत्रांत डोंगरावर जो धूर दिसतो, त्याच्या मुळाशीं बहुतेक वेळां कोणाचा तरी हात असतो.

हा हात कोणाचा, हा प्रश्न जेथें प्रवासी येतात त्या डोंगरांत विशेष अवघड होतो. तेथें गांवकरी प्रवाशाकडे बोट दाखवितो, प्रवासी गांवकऱ्याकडे दाखवितो, आणि दोघेही वनखात्याकडे दाखवितात. म्हणून या पाठासाठीं आम्हीं हिमालयांतील कुमाऊं प्रांताचें उदाहरण घेतलें आहे.

नैनीताल, अल्मोडा, राणीखेत हीं तेथील थंड हवेचीं ठिकाणें. भारतांतील मेथडिस्ट मंडळीचें पहिलें म्हणून सांगितलें जाणारें देवालय १८५८ सालीं नैनीतालास झालें, हें आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल. मैदानांतील लोक उकाड्यास कंटाळून ज्या दिवसांत वर येतात, त्याच दिवसांत तेथील चीड नांवाच्या झाडाचीं सुईसारखीं पानें गळतात. या वाळलेल्या पानांस पिरूळ म्हणतात. त्यांचा जमिनीवर जाड थर बसतो, त्यावरून चालतां पाय घसरतो, आणि राळेच्या अंशामुळें ठिणगी पडतांच तो कापरासारखा पेट घेतो. २०२४ च्या एप्रिलांत नैनीतालच्या सभोवतीं वणवा असा भडकला कीं वायुसेनेच्या हेलिकॉप्टरनें भीमतालचें पाणी उचलून डोंगरावर ओतावें लागलें. त्याच वर्षीं १३ जून रोजीं बिनसरच्या अभयारण्यांत आग विझविण्यास गेलेले वनखात्याचे चार कामगार होरपळून मेले. प्रवासी हिमशिखरें पाहावयास जातात, तेंच हें बिनसर.

प्रवाशांवरही हा प्रसंग येतो. तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यांत, कुरंगणीच्या डोंगरांत, ११ मार्च २०१८ रोजीं हौसेनें डोंगर चढावयास गेलेल्या तरुण स्त्रीपुरुषांच्या टोळ्या वणव्यांत सांपडल्या आणि वीसांहून अधिक जीव गेले. शहरांत वाढलेल्या माणसास हें ठाऊक नसतें कीं विस्तव चढाकडे धांवतो. उतारावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, त्यास आधींच तापविते, आणि मग तें एकदम पेटतें. वणवा खालीं असतां जो वर पळतो त्यास तो गांठतोच. अशा वेळीं बाजूस सरकावें, आणि आधींच जळून काळी झालेली निवालेली जमीन जवळ असेल तर तिच्यावर जावें. आपल्या गांवांतील गुराख्याच्या पोरास हें कळतें. पाहुण्यास तें कोणी सांगत नाहीं.

आतां कुमाऊंची शंभर वर्षांमागची गोष्ट सांगतों. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सरकारनें तेथील विस्तीर्ण रानें राखीव केलीं, आणि चराई, पाला, लांकूडफांटा यांवर बंधनें घातलीं. १९२१ च्या उन्हाळ्यांत लोकांनींच जागोजाग रानें पेटवून दिलीं. तीं बहुतेक चीडाचीं, म्हणजे सरकारी उत्पन्नाचीं होतीं. ज्या रुंद पानांच्या रानांतून आपल्या गुरांस पाला मिळे, तीं त्यांनीं बव्हंशीं वांचविलीं. हें कृत्य आम्ही उचित म्हणत नाहीं. परंतु त्यांत जें दिसून येतें तें सरकारनेंही ओळखलें. चौकशी समिति बसली, आणि १९३१ सालीं गांवानें आपल्या वांट्याचें रान आपण राखावें असे वनपंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडांत अशा अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. सर्वच जाग्या आहेत असें नव्हे. प्रभूनें योहानाच्या दहाव्या अध्यायांत मोलकरी व खरा मेंढपाळ यांत जो भेद दाखविला आहे, तो वाचकांनीं या ठिकाणीं काढून पाहावा. लांडगा आला असतां कोण उभा राहतो, तें मेंढरें कोणाचीं आहेत यावर ठरतें.

अल्मोडा जिल्ह्यांत शीतलाखेत म्हणून डोंगरावरील एक लहान ठिकाण आहे. तेथेंही प्रवासी येतात. तेथील गांवकऱ्यांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, वणव्याचें मूळ शोधूं लागतांच प्रथम आपल्याच बांधाकडे पाहिलें. पेरणीपूर्वीं शेतांतील व बांधावरील झुडपें तोडून, ढीग घालून जाळावयाचीं, अशी तिकडे चाल आहे. त्यास ते ओण म्हणतात. आमच्या कोंकण-मावळांतील राबाशीं याचें नातें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. वैशाखाच्या वाऱ्यांत हें जाळलें कीं ठिणगी रानांत जाते. म्हणून या गांवांनीं आपसांत ठरविलें कीं ३१ मार्चच्या आंत, हवेंत गारवा आहे तोंच, ओण जाळून संपवावें. १ एप्रिल हा 'ओण दिवस' म्हणून ते २०२२ पासून पाळीत आले आहेत. ही कल्पना कोणा मोठ्या विद्वानाच्या ग्रंथांतून आलेली नाहीं. परंतु वणवा पेटल्यावर धांवण्यापेक्षां पेटण्यापूर्वीं पंचांग पाहणें बरें, हें तिच्यामागचें शहाणपण कोणासही कळेल. आणि स्त्रिया पुढें कां झाल्या? रान जळालें कीं चारा दूर जातो व झरा आटतो, आणि भारा व घागर त्यांच्याच डोक्यावर असते.

हें सर्व आम्ही इतक्या विस्तारानें सांगतों याचें कारण आमच्याच एका चुकींत आहे.

आमच्या ओळखीच्या एका डोंगरगांवीं वर किल्ला आहे, आणि शनिवार-रविवारीं तेथें शहरची मंडळी येते. एका वर्षीं मार्च महिन्यांत पायथ्याचें रान पेटलें व दोन दिवस जळत राहिलें. मंडळींतील एका विधवा बाईच्या गवताच्या दोन्ही गंजी गेल्या. ट्रेकवाल्यांनीं लावलें, असें सर्वतोमुखीं झालें. आम्हीं पुढल्या रविवारीं शहरी लोकांच्या बेफिकिरीवर उपदेश केला, आणि तो फार चांगला झाला असें पुष्कळांनीं आम्हांस सांगितलें. तीन आठवड्यांनीं मंडळींतील एक शेतकरी रात्रीं दारांत येऊन उभा राहिला. राब त्याचा होता. जेवावयास घरीं गेला तेवढ्यांत वारा फिरला. चार घरांस तें पहिल्या दिवसापासून माहीत होतें, आणि त्या चारही घरांनीं आमचा उपदेश बसून ऐकला होता.

"पाळकसाहेब, म्यां मुद्दाम नाहीं केलं," तो म्हणाला. आम्हीं निर्गमाचें तें वचन काढून त्याच्या पुढें ठेविलें. तो बराच वेळ बोट ठेवून वाचीत होता. नंतर त्यानें विचारलें, "दोन गंजीचं गवत आतां कुठनं आणूं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें त्यानेंच शोधलें. आपल्या गंजींतून दर आठवड्यास एक भारा तो बाईच्या म्हशीस नेऊन देई. आणि पावसाळा सरल्यावर नव्या गवताची पहिली गंज त्यानें तिच्या दारीं रचली. आम्हींही दुसऱ्याच रविवारीं आपला उपदेश मागें घेतला. शहरी लोक विड्या टाकतात, उघड्यावर चुली पेटवितात, हें खोटें नव्हे. परंतु त्या वणव्यापुरते ते निर्दोष होते, आणि तें सांगणें आमच्यावर होतें.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ घेतांना पुढील गोष्टी आपल्या लोकांशीं बोलाव्यात. 'जाळल्याशिवाय गवत जोमानें येत नाहीं' हा समज अजून पुष्कळ घरीं आहे. वणव्यानंतर जें हिरवें दिसतें तें डोळ्यांस सुखवितें खरें. पण वर्षानुवर्षें जाळलेल्या उतारावरची माती पावसांत धुपून जाते. १९२७ च्या वनकायद्यानें राखीव रानांत विस्तव लावणें हा अपराध आहे. शिवाय जो रानांत हक्क भोगतो, त्यानें वणव्याची वर्दी देणें व तो विझविण्यास साहाय्य करणें हें त्याच्यावर बंधन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं गांवास आपलें सामूहिक रान राखण्याचा हक्कही मिळूं शकतो. उपग्रहावरून वणव्याची सूचना येते, पण उपग्रह आपल्या ठरलेल्या वेळींच डोक्यावरून जातो. धूर पहिल्यानें दिसतो तो गांवास. महाराष्ट्रांत वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवितां येतें. विझवावयास जातांना नायलॉनचे कपडे घालूं नयेत. सुती कपडे घालावे, ओल्या डहाळ्या घ्याव्या, आणि आगीच्या तोंडासमोर उभें न राहतां जळलेल्या बाजूनें झोडपीत जावें. पोरांस एकटें पाठवूं नये. आणि हें काम मंडळीनें वेगळें काढूं नये. रान सर्व गांवाचें आहे. ग्रामसभेंत बसून सर्वांबरोबर करावें.

त्या डोंगरगांवीं आतां माघ संपण्यापूर्वीं जाळरेषा काढतात. गवत कापून पट्टा मोकळा करावयाचा, आणि उरलेलें खुरटें गवत वनखात्याच्या माणसांसमक्ष सकाळच्या गारव्यांत जाळून टाकावयाचें. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायांत जसा ज्यानें त्यानें आपल्या घरासमोरचा कोट बांधला, तसाच प्रत्येक घरानें आपल्या समोरचा तुकडा घेतला आहे. किल्ल्याची वाट जेथें सुरू होते तेथें सुटीच्या दिवशीं दोन तरुण बसतात, चहा विकतात, आणि काड्यापेटी व चूल खालींच ठेवून जा म्हणून पाहुण्यांस विनवितात. कोणी ऐकतो, कोणी हुज्जत घालतो. विधवा बाईच्या घरासमोरचा तुकडा तो शेतकरीच दरवर्षीं सर्वांआधीं साफ करितो.