रूपांतरकाची परीक्षा

एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामचा मजकूर आपोआप बदलतो, तेव्हा त्याची परीक्षा कशी घ्यावी?

२००८ साली पायथन भाषेची तिसरी आवृत्ती निघाली. तीत ‘प्रिंट’पुढील मजकुराला कंस आवश्यक झाले. जुने प्रोग्राम बदलण्यासाठी ‘टू-टू-थ्री’ हे साधन होते. त्याच्या चाचण्यांतील दोन साहाय्यक आज्ञासंच पाहू.

पहिला मूळ व अपेक्षित मजकूर घेई, दोहोंचे समास सारखे करी, रूपांतर घडवी आणि निष्पत्ती अक्षरशः ताडून पाही. परीक्षकाने केवळ मजकुरांची जोडी पुरवावी. दुसरा एकच मजकूर घेऊन तो जसाच्या तसा राहतो की नाही, हे पाही. कारण आधीच असलेल्या कंसांवर पुन्हा कंस चढणे हा दोषच होय.

काय बदलू नये, हेही तपासावे. तरच परीक्षा पूर्ण होते.