गणपतीत सह्या, जूनमध्ये कलम

सावंतवाडी तालुक्यात सरकारी अनुदानावर काजूची बाग उभी करायची, तर कुदळीची पाळी फार उशिरा येते. पुढच्या जूनमध्ये कलमं जमिनीत जायला हवी असतील तर कागदांना यंदाच्या गणपतीतच हात घालावा लागतो.

आधी योजना कोणती ते ठरवा. १९९० साली शरद पवार मुख्यमंत्री असताना रोजगार हमीला जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली. सिंधुदुर्गातल्या वरकस डोंगरांवर काजू आणि आंबा इतका पसरला त्यात तिचा मोठा वाटा आहे. रोजगार हमीची ही वाट जॉबकार्ड असलेल्या अल्पभूधारकांसाठी. ज्यांना ती लागू होत नाही, त्यांच्यासाठी राज्यानं २०१८मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. खालची कृती या दुसऱ्या योजनेची आहे. कोकणात किमान १० गुंठे आणि कमाल १० हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. घाटावर हीच मर्यादा २० गुंठे ते ६ हेक्टर आहे. अनुदान तीन वर्षांत विभागून येतं: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. संस्थेच्या नावावरच्या जमिनीला ही योजना नाही.

पहिली पायरी: सातबारा वाचा

डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. कपाटातला दहा वर्षांपूर्वीचा हस्तलिखित उतारा चालत नाही, आणि तो वाचून काही कळतही नाही.

भोगवटादाराच्या रकान्यात बहुधा आजोबांचं नाव असतं, त्यांच्या भावांची असतात, एखाद्या लग्न होऊन गोव्याला गेलेल्या आतेचं असतं. गेलेल्या माणसाचं नाव तसंच असेल तर गावच्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन वारस नोंद घाला. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाद नसला तरी यात महिना सहज जातो. वाद असला तर यंदाचा पाऊस सोडून द्या.

समाईक खात्यात बाकीच्या सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. खरी मेहनत इथे आहे. भाऊबंद लालबागला, डोंबिवलीला, मडगावला. फोनवर सगळे ‘हो’ म्हणतात, सही मात्र कागदावर हवी असते. वर्षातून एकदा ही सगळी माणसं एकाच पडवीत बसलेली सापडतात, ती चतुर्थीला. म्हणून कृषी कार्यालयातून संमतीपत्राचा नमुना आधीच आणून ठेवा, त्यात गट क्रमांक आणि लागवडीचं क्षेत्र भरा, आणि आरती झाल्यावर, पत्ते मांडायच्या आधी, सह्या घ्या. प्रत्येकाच्या आधारची प्रतही तेव्हाच मागून घ्या. विसर्जनानंतर ती व्हॉट्सअपवर अस्पष्ट येते. संमतीपत्रात ‘फळबाग लागवडीच्या अनुदानापुरती’ असे शब्द घालून घेतले तर जमिनीचा हक्क जाईल या भीतीनं अडलेला काकाही सही करतो.

भाऊबंद खरोखर एकमतानं असतील तर त्याहून पक्का मार्ग आहे: जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. आपल्या हिश्शाचा सातबारा वेगळा झाला की पुढच्या कुठल्याच योजनेला चुलतभावाची वाट पाहावी लागत नाही. वेळ जास्त लागतो, पण एकदाच लागतो. कोकणाला दहा गुंठ्यांची सवलत देणाऱ्याला इथल्या जमिनींचे तुकडे माहीत होते. सगळ्यांच्या सह्यांची अट घालणाऱ्यानं त्या तुकड्यांवरची नावं मोजली नसावीत.

आता ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे कुळाचं नाव असेल तर कुळाची संमती लागेल. बँकेचा किंवा सोसायटीचा जुना बोजा फेडूनही दिसत असेल तर दाखला देऊन कमी करून घ्या. आणि ‘वन’, ‘खाजगी वन’, ‘वनसंज्ञा’ असा काही शब्द दिसला तर तिथेच थांबा. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी वनाची व्याख्या विस्तारली. त्यानंतर सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत खाजगी मालकीची बरीच जमीन वनसंज्ञेत गेली. अशा गटावर लागवडीचा अर्ज पाठवण्याआधी वनखात्याचा आणि महसूलचा लेखी अभिप्राय मिळवा. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींची गोष्ट तर आणखी निराळी: पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव शासनाचं. तिथे वैयक्तिक वाटपाचा सातबारा हातात येईपर्यंत फळबागेचा अर्ज करून उपयोग नाही.

दुसरी पायरी: जागेवर उभं काय आहे ते पाहा

हा भाग योजनेच्या पत्रकात नसतो, पण या तालुक्यात तो टाळता येत नाही. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ साली बंदी घातली. वाघाच्या भ्रमणमार्गाचं हे जंगल आहे. म्हणजे किंजळ, ऐन, जांभूळ उभे असलेला डोंगर साफ करून काजू लावायचा बेत असेल तर तो सोडा. झाडी कमी असलेला भरड तुकडा निवडा, झुडपं आणि रान तेवढं काढा, मोठी झाडं राखा. माझं मत विचाराल तर बंदी नसती तरी हेच सांगितलं असतं: डोंगरमाथा उघडा केला की खालच्या व्हाळाचं पाणी फेब्रुवारीतच आटतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात कलमांना घालायचं पाणी तिथूनच आणायचं असतं.

काजू कातळावर येतो असं सरसकट म्हटलं जातं. जांभ्याच्या भेगांतून मुळं जातात हे खरं. पण वीतभर मातीखाली सलग कातळ लागला तर झाड जगतं आणि बी देत नाही. चार ठिकाणी पहार मारून बघा.

तिसरी पायरी: अर्ज

हे काम दोन तासांचं. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असावा; २०२५पासून कृषी योजनांना तो सक्तीचा आहे. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा, कारण पैसे थेट त्याच खात्यात येतात. मग महाडीबीटी पोर्टलवर फलोत्पादन विभागात अर्ज भरा. शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची. आता आधी येईल त्याला आधी असा क्रम आहे, त्यामुळे मे महिन्यापर्यंत थांबू नका. निवड झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कागद अपलोड करायचे असतात. अर्जात सेतूवाल्या मुलाचा नंबर देऊ नका. संदेश त्याला जातो आणि मुदत तुमची संपते.

चौथी पायरी: पाहणी आणि पूर्वसंमती

गावच्या कृषी सहायकांना (नवं पदनाम सहायक कृषी अधिकारी) जागा दाखवा. हद्दीचे दगड आधी उघडे करून ठेवा. योजनेत ठिबकाची अट आहे, तेव्हा पाणी कुठून घेणार याचं उत्तर तयार असू द्या: विहीर, व्हाळावरचा बंधारा, उंचावर ठेवलेली टाकी, काहीही. पाहणीनंतर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून पूर्वसंमती मिळते. ती हातात येईपर्यंत एकही खड्डा मारू नका. आधी झालेल्या कामाचं अनुदान मागता येत नाही, मग काम कितीही चांगलं असो.

अनुदानात काय धरलंय आणि काय नाही, तेही इथेच समजून घ्या. खड्डे, कलमं, लागवड, खत, पीकसंरक्षण, नांग्या भरणं हे धरलेलं आहे. जमीन तयार करणं आणि कुंपण शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून करायचं. आंबोली घाटाखालच्या गावांत, जिथे गवे कळपानं उतरतात, तिथे कुंपणाचा खर्च कलमांपेक्षा मोठा होतो. धोरण ठरवताना ही बाब सुटलीच आहे. जांभ्याचा गडगा आधीपासून असलेला तुकडा निवडलात तर निम्मी काळजी मिटते.

पाचवी पायरी: खड्डे आणि कलमं

सात बाय सात मीटरवर आखणी करा. हेक्टरी दोनशेच्या आसपास कलमं बसतात, वीस गुंठ्यांत चाळीस. उतार असेल तर ओळी उताराला आडव्या घ्या. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. एप्रिल–मेमध्ये मारून उन्हात तापू द्या. भरताना वरची चांगली माती, घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट मिसळा. खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा. इथल्या पावसात माती दबते आणि खळगा राहिला तर कलमाच्या बुंध्याशी पाणी साचतं.

कलमं शासनाच्या, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या, आणि पावती घ्या. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, १९५७ सालचं, आपल्या शेजारी आहे आणि कोकणात लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती तिथल्याच आहेत. सध्याच्या बागांसाठी वेंगुर्ला–४ आणि वेंगुर्ला–७ या दोन जातींचा विचार करा. पहिल्या जातीचं बी सात-आठ ग्रॅमचं, दुसरीचं दहा ग्रॅमच्या आसपास. दोन्हींत गराचं प्रमाण तीस टक्क्यांच्या वर. व्यापारी मोठ्या बीला भाव देतो, म्हणून सगळे सातच्या मागे असतात. मी दोन्ही मिसळून लावायला सांगेन. मोहोराच्या एखाद्या वाईट आठवड्यात सगळी बाग एकदम जात नाही. रस्त्याकडेच्या टेम्पोतून स्वस्त कलम घेण्याचा मोह आवरा. ते पावतीअभावी अनुदानात बसत नाही, आणि जात कोणती हे सहाव्या वर्षी कळतं.

लावणी पाऊस लागल्यावर, जून अखेर ते जुलै. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी सोडा, नाहीतर वर्षभरात तिथेच गळफास बसतो. बाजूला काठी रोवून सैल बांधा. सांध्याखालून येणारे फुटवे दर पंधरा दिवसांनी खुडा. ते राहिले तर खालचं रायवळ झाड वाढतं आणि वरचं कलम मरतं.

लावणी होताच मोजणी मागा. अधिकारी येऊन कलमं मोजतात, फोटो घेतात, बिलं जमा होतात, आणि पहिल्या हप्त्याचा प्रस्ताव जातो.

सहावी पायरी: जगवणं

पहिल्या वर्षी किमान ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असावीत अशी अट आहे. पहिल्या वर्षी चाळीसमधली आठ मेली तर चालतं, नववं मेलं की तुमच्या खर्चानं भरायचं. पुढचे हप्ते यावर अवलंबून असतात. म्हणून मोजणी जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पाच-सहा कलमं पिशवीतच मांगराच्या सावलीत जादा ठेवा आणि पहिल्याच पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत नांग्या भरा.

दिवाळी झाली की बुंध्याभोवती गवताचं आच्छादन घाला, पण खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी चढते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचंच. पश्चिमेकडून झावळीचा आडोसा करा. जानेवारीत गवत सुकलं की बागेभोवती तीन-चार मीटर रुंदीची जाळपट्टी साफ करा. काजूच्या कोवळ्या बागा रोगापेक्षा वणव्यात जास्त जातात, आणि वणवा बहुतेकदा शेजारच्या पडीक गटातून येतो, ज्याचा मालक मुंबईला असतो.

नव्या पालवीवर ढेकण्या येतो. कोवळे शेंडे काळे पडून वाळायला लागले तर तोच. पालवी फुटतानाच विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फवारणी करा, शेंडे वाळल्यावर फवारून काही मिळत नाही. बुंध्यातून भुसा पडताना दिसला तर रोठा शिरलाय. तारेनं अळी बाहेर काढा. पहिल्या दोन वर्षांत आलेला मोहोर खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडा.

सातवी पायरी: सातबाऱ्यावर काजू चढवा

बाग उभी राहिली, तीन हप्ते मिळाले, आणि सातबाऱ्याच्या पीक रकान्यात अजून ‘गवत पड’ आहे, असे उतारे इथे घरोघरी सापडतील. २०२१च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाइलवरून बागेत उभं राहून फोटोसह नोंद करायची असते. रेंज मिळत नसेल तर नोंद भरून ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा. ही नोंद न केल्याचा तोटा २०२४मध्ये दिसला. त्या हंगामाच्या काजू बीसाठी राज्यानं किलोला १० रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे दोन हजार किलोपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि विक्रीची पक्की पावती मागितली गेली. बी पिकवलेली, विकलेली, पैसे हातोहात घेतलेले, आणि दोन्ही कागद नाहीत, अशी माणसं बाजूला राहिली. तेव्हा पहिलं बी विकाल त्या दिवसापासून जीएसटी क्रमांक असलेल्या व्यापाऱ्याची पावती फाइलला लावा.

बाग पाच वर्षांची झाली की हवामानावर आधारित फळपीक विम्यात, आंबिया बहारात, काजू बसवता येतो. अवकाळी पाऊस आणि तापमानातले चढउतार यांची भरपाई तिथे महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तुमच्या बागेतल्या नुकसानीच्या पंचनाम्यावर नाही. मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. आणि खातं अजून समाईकच असेल, तर त्या अर्जालाही संमतीपत्र लागेल. म्हणजे पुन्हा गणपतीतच सह्या.