वास्तुविशारद होऊ या, वास्तू जपायलाही शिकू या

बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी पडतो. डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. म्हणून आज आपण आर्किटेक्ट म्हणजेच वास्तुविशारद या व्यवसायाचा विचार करू.

शिक्षण : बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांची बी.आर्क. पदवी घेता येते. १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इमारतीचा आराखडा, उजेड, वारा व माणसांचा वावर आर्किटेक्ट पाहतो. ती किती भार पेलेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. पूल, रस्ते व गटारे हे मुख्यतः सिव्हिल इंजिनिअरचे क्षेत्र.

देखभाल : उद्घाटनाला फीत कापली जाते, हारतुरे होतात. पुढे तीस-चाळीस वर्षे ती वास्तू कोण सांभाळतो? काँक्रीटला बारीक चीर पडते, पावसाचे पाणी आत झिरपते, लोखंडी सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. चीर वेळीच बुजवली, तर खर्च थोडक्यात भागतो. उशीर झाला, तर जिवावर बेतते.

१४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. सात जणांचा बळी गेला. कामावर निघालेल्या परिचारिकाही त्यांत होत्या. या पुलाची तपासणी आधीच झाली होती! किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरास योग्य ठरवला गेला होता. तपासणी कागदावर झाली म्हणजे पूल सुरक्षित झाला, असे नव्हे. सही करणाऱ्याचे ज्ञान आणि प्रामाणिकपणा, दोन्ही खरे असावे लागतात.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. हे काम जाणणाऱ्या माणसांची शहराला सतत गरज आहे. जुन्या चाळीत राहणारी, गर्दीच्या पुलावरून रोज कामाला जाणारी माणसे आपल्याच घरातली आहेत. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्या मुलामुलींनी शिकून का घेऊ नये?

सुरुवात आजच करू या. या पावसाळ्यात आपल्या इमारतीची गच्ची, पन्हाळी, भिंतीची ओल व चिरा पाहून तारखेसह वहीत नोंदवू या आणि ती वही सोसायटीच्या सभेत ठेवू या. हाच आपला पहिला धडा.