वळणावर वळणारा दिवा

रात्रीच्या वेळी घाटातून एक मोटारगाडी जात असते. सरळ रस्त्यावर तिच्या पुढच्या दिव्यांचा झोत दूरवर पोहोचतो; परंतु वळण येताच अडचण निर्माण होते. प्रकाश सरळ रेषेत जातो, रस्ता मात्र वळतो. झोत कठड्यावर किंवा दरीपलीकडच्या झाडांवर पडतो आणि गाडी पुढच्याच क्षणी जेथे पोहोचणार असते, ती जागा अंधारातच राहते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर अंतर कापते. त्या अंधारात एखादा पादचारी असला, तर तो दिसल्यावर गाडी थांबवण्याइतके अंतर उरतेच असे नाही.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. अमेरिकेत १९४८ साली तयार झालेल्या ‘टकर’ गाडीला मध्यभागी तिसरा दिवा होता. स्टिअरिंगचे चक्र ठरावीक मर्यादेपलीकडे फिरले, की हा दिवाही त्या दिशेला वळत असे. अशा गाड्या मात्र जेमतेम ५१ तयार झाल्या. पुढे १९६७ साली फ्रान्समधील ‘सित्रोएन’ कंपनीने आपल्या ‘डीएस’ गाडीचे दिवे नव्याने घडवले. चार दिव्यांपैकी आतील दोन दिवे तारांच्या साहाय्याने स्टिअरिंगशी जोडलेले होते. चालक चक्र फिरवी, तसा झोत वळणाच्या आत शिरे.

आधुनिक गाडीत तारांची जागा संवेदक आणि संगणक यांनी घेतली आहे. चक्र किती फिरले, गाडीचा वेग किती आहे, याची नोंद संवेदक घेतात. त्यावरून संगणक कोन ठरवतो आणि विजेवर चालणारी छोटी यंत्रणा दिवा फिरवते. काही नव्या दिव्यांत तर काहीच फिरत नाही. अनेक छोट्या एलईडी दिव्यांपैकी आवश्यक तेवढेच उजळतात. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपू नयेत, म्हणून त्याच्या दिशेचे दिवे मंद करण्याची सोयही काही गाड्यांत असते.

तरीही यंत्राला मर्यादा आहेच. दिवा वळणात डोकावतो. डोंगराच्या आरपार पाहू शकत नाही. म्हणून जेवढा रस्ता उजळलेला दिसतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल, इतकाच वेग राखणे ही चालकाची जबाबदारी ठरते. दिवा वाट दाखवतो. सावधपणा चालकानेच बाळगायचा असतो.

पाठगत प्रश्न
१. वळणावर स्थिर दिव्यांचा प्रकाश अपुरा का पडतो?
२. ‘डीएस’ गाडीतील दिवे आणि आधुनिक दिवे यांच्या रचनेतील फरक सांगा.