शिमगा झाला की स्लॅबवर चढा

जव्हार-मोखाड्यात धो धो पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अनेक घरकुलांचा स्लॅब नेमका या टंचाईत टाकला जातो. उन्हाळ्यात त्याला निदान दहा दिवस सतत पाणी मारायला हवं. प्यायलाच नाही तिथे ते कुठून आणणार? काँक्रीट कच्चं, सच्छिद्र राहतं. पाणी आणि हवा आत शिरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड सिमेंटचा क्षार मारतो. हा क्षारच सळईला गंजू देत नव्हता. गंजलेली सळई फुगते, खालचं इंचभरही नसलेलं काँक्रीटचं कव्हर फोडते आणि पोपडा अंथरुणावर पडतो.

पावसाळ्याआधी हे थोपवता येतं. स्लॅब कोरडा असताना आधी घरातून छत हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आला तिथे खडूने खूण करा. सळई बारीक झालेली दिसली किंवा छत खाली झुकलं असेल, तर पुढे काही करू नका, इंजिनिअरला दाखवा.

बद्द भाग छन्नीने फोडून सळई मागूनही मोकळी करा, तारेच्या ब्रशने चकचकीत घासा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मिसळलेला सिमेंट-रेतीचा माल दाबून भरा. यात घाई नको. गंज आत ठेवून वरून कितीही महाग लेप दिला तरी आत सडणं चालूच राहतं.

आता वर चढा. शेवाळ खरवडून धुवा. भेगा छन्नीने थोड्या रुंद करून त्याच मालाने भरा. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात सिमेंटची गोलाई द्या. गळती बहुतेक तिथूनच होते. पाणी साचत असेल तर ते वाहून नेणाऱ्या पाइपाकडे दहा फुटांना इंच-सव्वा इंच ढाळ काढा.

मग पावडर आणि द्रव मिळून येणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग. भर उन्हात नको, सकाळी लावा. स्लॅब ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. पहिला हात उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा. सांध्यांवर दोन हातांच्या मध्ये जाळीची पट्टी. डांबर फासू नका, उन्हात तडकतं. आतून रंग देऊनही गळती थांबत नाही, डाग फक्त झाकला जातो.

लेप पुरता वाळला की पाणी साठवून चाचणी. 25 चौरस मीटरच्या घरकुलावर इंचभर पाणी म्हणजे सुमारे सव्वासहाशे लिटर, चाळीसेक हंडे, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यावरून येणार. त्यापेक्षा पाइपाजवळ आणि शंकेच्या कोपऱ्यात मातीची आळी करून तेवढ्यातच एक दिवस पाणी ठेवा. खाली ओल आली नाही तर काम झालं.

नवं घर बांधणाऱ्यांनी मात्र स्लॅब दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना टाकावा.