मुलांची बंद खोली उघडा

आमच्या नागोठण्यात बऱ्याच घरांत एक खोली बंद असते. मुलगा मुंबई-पुण्याला नोकरीला, मुलगी सासरी. कुलूप निघते ते गणपतीत आणि मे महिन्यात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरून मला बोलावणे आले. सत्तरीच्या आजी रात्री लघवीला उठल्या आणि माडीच्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले होते. खाली न्हाणीघराला लागूनच मुलाची खोली रिकामी! आजोबा म्हणाले, "तो आला तर झोपेल कुठे?" दार उघडले तर भिंतीला बुरशी, गादीला कुबट वास.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात, नजर व तोल कमी होतो. पडून दगावणाऱ्यांत साठी ओलांडलेले सर्वाधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून संडास-न्हाणीजवळची खालची खोली स्वतःच वापरावी. पलंगावर बसल्यावर पावले जमिनीला टेकावीत. रात्री मंद दिवा व भिंतीला आधाराचा दांडा असावा. सुटी पायपुसणी काढावीत. ऊन असेल तेव्हा खिडक्या उघडाव्यात, कारण बुरशीने दमा बळावतो. आंबा नदीचे पाणी शिरते त्या घरांनी पुराची सूचना मिळताच वृद्धांना दिवसाउजेडी वर हलवावे.

आजी आता त्याच खोलीत वॉकर धरून चालतात. यंदा गणपतीत मुलगा माडीवर झोपला. त्याची काहीच तक्रार नव्हती.